मोसम संपल्यावर

उन्हाळ्याच्या सुटीत मुख्याध्यापकास काय काम असते, असा प्रश्न आम्हांस दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. मुख्याध्यापक सुटीभर आरामखुर्चीत पडून पन्हे पीत असावा, असे चित्र विचारणाऱ्याच्या मनात असते. वस्तुस्थिती निराळी आहे. निकालपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले, पाठ्यपुस्तकांची मागणी, गळके छप्पर आणि वरून येणारी परिपत्रके यांना सुटी ठाऊक नसते. तथापि यांतून वेळ काढून गेली पंधरा वर्षे आम्ही मे महिन्यात एक काम आवडीने करीत आलो आहोत. पहाटे पाचला उठावे, डोक्यास पांढरा रुमाल बांधावा, आणि बडोद्यातील एका क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरात लिंबाच्या झाडाखाली मेज-खुर्ची टाकून गुणलेखक म्हणून बसावे. मोबदला म्हणाल तर शिबिराच्या शेवटच्या दिवशी सर्वांबरोबर एक बशी झणझणीत सेवउसळ. ती आमच्या पित्तप्रकृतीस मानवत नाही. आम्ही ती खातो.

हे काम आमच्याकडे आले ते मुलामुळे. २०१० साली तो चौदा वर्षांचा होता; डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करी. इतक्या पहाटे त्यास सायकलवर एकटे धाडण्यास आमच्या सौभाग्यवतींची तयारी नव्हती, म्हणून आम्ही सोबत जाऊ लागलो. तीन तास झाडाखाली बसून वर्तमानपत्र तरी किती वाचावे? एके दिवशी प्रशिक्षकांनी आमचे अक्षर पाहिले आणि गुणपुस्तक आमच्यापुढे ठेवले. शिक्षकाचे अक्षर बरे असले की त्याच्या वाट्यास अशी बिनपगारी कामे जन्मभर येतात.

पहिल्याच सामन्यात आमची फजिती झाली. सलामीचा फलंदाज तिसऱ्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला. आम्ही शाईने त्याच्या नावापुढे तशी नोंद केली. पाहतो तो गडी जागचा हललेला नाही! प्रशिक्षक यष्ट्या पुन्हा उभ्या करून त्यास पाय कोठे पडावयास हवा होता ते दाखवीत होते. तो पुढे आणखी दोन वेळा बाद झाला, आणि खेळतच राहिला. समोरचा मुलगा मात्र सुरेख खेळत होता. त्याच्या चाळीस धावा झाल्या, तेव्हा त्यास मध्येच परत बोलावण्यात आले. "तुला हे येतं. आता ज्याला येत नाही त्याला खेळू दे," एवढेच कारण त्यास मिळाले. दोन्ही संघ मिळून बारा-तेरा गोलंदाज, कोणी दोन षटके टाकली, कोणी सहा. नऊ वाजता ऊन चढले आणि सामना जेथे होता तेथे थांबला. आमचे सबंध आयुष्य गुण मोजण्यात गेलेले. आम्ही हिशेब जुळवीत बसलो, तो जुळेना. शेवटी प्रशिक्षकांस गाठून विचारले, "जिंकले कोण?"

ते हसले. म्हणाले, "सर, मोसम संपलाय. आता कोण जिंकलं ते बघायचं नाही. कोण काय शिकलं ते लिहा."

गुणपुस्तकात यासाठी रकाना नसतो. आम्ही बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि तीत पेन्सिलने असल्या नोंदी ठेवू लागलो. अमक्याचे डोके खेळताना कलते. तमक्याचा उजवा पाय चेंडू टाकताना रेघेबाहेर पडतो. फलाणा झेल सुटला की दुसऱ्याकडे पाहतो. या वहीबद्दल पुढे सांगावयाचे आहे.

बडोद्याच्या वाचकांस क्रिकेटचे महात्म्य आम्ही सांगणे म्हणजे सुरसागराला पाणी दाखविणे होय. परंतु हे मासिक इंदूर-ग्वाल्हेर-हैदराबादकडेही जाते, म्हणून थोडे सांगतो. लक्ष्मीविलास राजवाड्यालगतचे मोतीबाग मैदान पाहत येथल्या मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले ते अखेरपर्यंत. २००४ साली त्यांचा देह येथेच पडला. १९४७ च्या मार्चमध्ये होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद या दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठीचा हा विक्रम मोडावयास २००६ साल उजाडावे लागले. चौथ्या गड्याचा तर अजून कोणास मोडता आलेला नाही. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार असलेले दत्ताजीराव गायकवाड बडोद्याचेच. २०२४ च्या फेब्रुवारीत वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले, आणि त्याच वर्षी जुलैअखेर त्यांचे चिरंजीव अंशुमानही. ते वर्ष बडोद्यास वाईट गेले.

विक्रम झाले ते मोसमात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो तो मोसम. आमचे लक्ष गुंतले आहे ते उरलेल्या महिन्यांत. मांडवीच्या जुम्मा मशिदीच्या आवारात राहणाऱ्या पठाण बंधूंना घडविण्यात दत्ताजीरावांचा हात होता. त्यांतला इरफान १९ व्या वर्षी, २००३ च्या डिसेंबरात, अ‍ॅडलेडला कसोटी खेळला. पंड्या कुटुंब मुलांच्या क्रिकेटसाठी सुरतेहून बिऱ्हाड हलवून येथे आले, आणि यष्टिरक्षक किरण मोरे यांनी आपल्या संस्थेत त्या दोघा भावांस पहिली तीन वर्षे फी घेतल्यावाचून शिकविले. वर्तमानपत्रांत या मुलांची छायाचित्रे आली ती सामन्यांची. ते घडले ते रिकाम्या मैदानावर, टाळी वाजविणारे कोणी नसताना.

अशा शिकवणुकीतली अवघड गोष्ट कोणती, असे विचाराल तर आम्ही म्हणू: काय बदलावे आणि काय बदलू नये हे ओळखणे. ऑस्ट्रेलियाचा जुना फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हिंदुस्थानात शिकविण्यास आला असता तरुण हजारे त्याच्या हाती आले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत दिसावयास बेडौल; बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये अडकविल्यासारखी. एखाद्या उत्साही मास्तराने पहिल्या दिवशीच ती सरळ केली असती. ग्रिमेटने तिला हात लावला नाही. आमच्या व्यवसायात वळणदार अक्षराच्या नादी लागून आपण किती मुलांचे चांगले निबंध मारले असतील, असा विचार हे आठवले की मनात येतो.

आणि याहून अवघड म्हणजे 'नाही' सांगणे. मद्रासेत १९८७ साली जलदगती गोलंदाजांसाठी एक शाळा निघाली. एमआरएफ पेस फाउंडेशन तिचे नाव, आणि शिकविण्यास ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली. तेथे मुंबईचा एक ठेंगणा मुलगा जलद गोलंदाज होण्याची हौस धरून गेला. लिलीने त्यास पाहिले आणि तू फलंदाजीकडेच लक्ष दे, असे सांगून वाटेस लावले. तो मुलगा सचिन तेंडुलकर. पुढे याच शाळेत श्रीरामपूरचा झहीर खान तयार झाला, तेथील टी. ए. शेखर यांच्या सल्ल्याने बडोद्याकडून खेळू लागला, आणि २००१ साली रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेऊन रेल्वेच्या संघास २१ धावांनी हरविले. त्या दिवशी दांडिया बाजारात आम्हीही पेढे वाटले होते. एकाच दारातून एकास 'हो' मिळाले, एकास 'नाही', आणि दोघांचेही कल्याण झाले.

अशा गोष्टी सांगावयास सोप्या. तेंडुलकरास 'नाही' म्हणताना त्याच्या दुसऱ्या हातात बॅट होती. ज्याच्या दुसऱ्या हातात काही नसते त्यास कसे सांगावे?

मराठीत 'होतकरू' असा एक शब्द आहे. मराठीचा एम.ए. असल्यामुळे शब्दांशी चाळा करण्याची आम्हांस खोड आहे, ती वाचकांनी क्षमा करावी. हा शब्द आम्ही आजवर किती शिफारसपत्रांत लिहिला असेल याची गणती नाही. 'सदरहू विद्यार्थी गरीब व होतकरू आहे.' लिहिण्यासारखे दुसरे काही नसले की हे लिहावे. त्यात स्तुती आहे, पण वचन नाही. पुढे काही होईल असे वाटते आहे, आज झालेले नाही, आणि झाले नाही तर लिहिणाऱ्यावर दोष नाही. शिवाय या शब्दास वयाची मुदत आहे. पन्नाशीच्या माणसास कोणी होतकरू म्हणत नाही. क्रिकेटात तर ही मुदत एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच सरते.

आमचा मुलगा होतकरू होता. २०१० आणि २०११ अशी दोन शिबिरे त्याने केली. २०१२ साली दहावीची परीक्षा देऊन तो तिसऱ्या शिबिरास आला. त्या मे महिन्यातील एका सकाळी सामना आटोपल्यावर प्रशिक्षक आमच्या मेजाशी आले, पाण्याची बाटली तोंडास लावली, आणि मैदानाकडे पाहतच बोलले, "सर, तुमच्या मुलासारखा मेहनती मुलगा माझ्याकडे नाही. पण त्याचा चेंडू हवेत थांबत नाही. फलंदाज त्याला हातून सुटतानाच ओळखतो. जिल्ह्यापर्यंत खेळेल. पुढे नाही." जरा थांबून म्हणाले, "तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडून ऐकलं तर मोडेल."

आम्ही मान डोलाविली. वहीत त्या तारखेखाली पेन्सिलने लिहिले: 'चेंडू हवेत थांबत नाही. जिल्ह्यापर्यंत.' आणि मुलास काही सांगितले नाही.

आम्ही कोण? पालकसभेत पालकांस समोर बसवून, "आपल्या मुलाचा ओढा विज्ञानाकडे नाही, त्यास आग्रह करू नका," असे बेधडक सांगणारे मुख्याध्यापक! एका गृहस्थांच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आले होते, आणि घरी येऊन आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो होतो की, लोकांस सत्य ऐकावयाची सवय नाही. तेच आम्ही रोज रात्री मुलास जेवावयास वाढलेले पाहत होतो आणि आज नको, उद्या सांगू, असे म्हणत होतो. आधी निकाल लागू दे म्हटले. निकाल लागला. मग अकरावीचा प्रवेश होऊ दे म्हटले. तोही झाला. गणपती आले, नवरात्र आले. नवरात्रात बडोद्यात कोणी कोणास गंभीर गोष्ट सांगूच शकत नाही, रात्रभर गरबा आणि सकाळी झोप. हे कारण आम्ही मोठ्या समाधानाने वापरले. त्यानंतर मोसमच सुरू झाला.

त्या वर्षी मुलाने जीव तोडून मेहनत केली. पहाटे चारला दिवा लागे. अंगणात भिंतीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तो चेंडू टाकीत बसे; तो टप् टप् आवाज आम्ही अंथरुणात ऐकत असू. जानेवारीत त्याचा डावा खांदा दुखू लागला, ते त्याने आम्हांपासून लपविले. अकरावीच्या गणिताची वही जवळजवळ कोरी राहिली. वयोगटाच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव आले तेव्हा घरात श्रीखंड झाले, आणि आम्हांस क्षणभर वाटले की प्रशिक्षकच चुकले असतील. अंतिम यादी लागली त्या दिवशी आम्ही त्याच्यासोबत गेलो होतो. फळ्यावर लावलेला कागद त्याने वरून खाली वाचला, मग खालून वर, मग पुन्हा वरून खाली. नंतर सायकलीचे कुलूप काढले. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. आम्हीही नाही.

पुढे बारावीस त्याने कसर भरून काढली, पण सगळी भरली नाही. बडोद्याच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीचा प्रवेश थोडक्यात हुकला, परगावी जावे लागले. मग शिष्यवृत्ती, अमेरिका, आणि अ‍ॅरिझोना राज्यात चँडलर नावाच्या गावी संगणकाच्या चिपा बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी. लोक म्हणतात, चांगलेच झाले. आम्हीही चारचौघांत तसेच म्हणतो. त्या वर्षाचा विषय मात्र घरात पुन्हा निघाला नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. सरकारी नोकरास परदेशी जाण्यास जे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, त्याची कथा सांगू लागलो तर हा अंक पुरणार नाही. असो. तेथे पोहोचून चार दिवस झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या आवडीची एक गोष्ट दाखवतो. इथलं उन्हाळी शिबिर." नोव्हेंबरात उन्हाळी शिबिर कसले, ते आम्हांस कळेना. शेजारच्या मेसा गावी संध्याकाळी तो आम्हांस मोटारीने घेऊन गेला. तेथे बेसबॉलचा सामना होता.

बेसबॉल हा त्या देशाचा खेळ. त्याचा मोसम वसंतात सुरू होऊन ऑक्टोबराच्या शेवटास संपतो. तेव्हा तेथे शरद ऋतू असतो. आणि मोसम संपत आला की अ‍ॅरिझोनात 'फॉल लीग' भरते, फॉल म्हणजे शरद. १९९२ सालापासून हा प्रघात आहे. तेथील ३० व्यावसायिक संघ आपापले निवडक होतकरू खेळाडू येथे धाडतात. पाच-पाच संघांची मुले एकत्र करून सहा तात्पुरते संघ करतात, आणि सहा आठवडे ती फिनिक्स शहराच्या आसपास एकमेकांशी खेळतात. प्रत्येकाच्या अंगात आपल्या मूळ संघाचा सदरा, डोक्यावर मात्र या तात्पुरत्या संघाची टोपी. दुरून पाहिले तर पाच शाळांची मुले एका सहलीस निघाल्यासारखी दिसतात.

मैदान भव्य, पंधरा हजार माणसे सहज बसावीत. प्रेक्षक काही शेच असतील. मागील खुर्चीवर पाय टाकून कोणी शेंगा सोलीत होते, एक आजोबा झोपले होते. फलंदाजाच्या बरोबर मागे मात्र पंधरा-वीस माणसे दाटीने बसली होती, आणि त्यांच्यापैकी कोणी टाळी वाजवीत नव्हते. काहींच्या हाती चेंडूचा वेग मोजणारे पिस्तुलासारखे यंत्र, सर्वांच्या मांडीवर वह्या. चेंडू पडला की यंत्राकडे पाहावे, वहीत लिहावे. मुलाने सांगितले की हे स्काउट, म्हणजे निरनिराळ्या संघांचे पारखी. सामना कोण जिंकतो याच्याशी यांना कर्तव्य नाही. यांतल्या एका गवती टोपीवाल्या वृद्धाचे पेन्सिलीस टोक करणे पाहून आम्हांस भडभडून आले; इतक्या दूर येऊन आमच्याच जातीचा माणूस भेटला!

त्या लीगच्या गोष्टी मुलाने सांगितल्या त्या मोठ्या रंजक होत्या. १९९४ साली बास्केटबॉलचा अनभिषिक्त सम्राट मायकेल जॉर्डन तो खेळ सोडून बेसबॉल शिकावयास निघाला आणि वयाच्या ३१ व्या वर्षी या पोरांच्या रांगेत येऊन उभा राहिला. त्याची सरासरी .२५२ झाली, म्हणजे दर चार प्रयत्नांत एकदा तो चेंडू मारून सुखरूप पहिल्या ठाण्यावर पोहोचला. ही सरासरी लाजिरवाणी नव्हे, जगज्जेत्याची तर मुळीच नव्हे. पुढच्या मार्चमध्ये तो आपल्या खेळाकडे परत गेला. आम्हांस त्याच्या बास्केटबॉलातल्या पदकांपेक्षा या सहा आठवड्यांचे अधिक कौतुक वाटले. तेथे खेळाडूच नव्हे, नियमही शिकाऊ म्हणून येतात. चेंडू फेकणाऱ्याने रेंगाळू नये म्हणून २० सेकंदांची घड्याळे २०१४ साली येथेच लावून पाहिली. तसला नियम मुख्य स्पर्धेत आला तो २०२३ मध्ये. एक नियम नऊ वर्षे उमेदवारी करतो, हे ऐकून आमच्याकडे दर जूनमध्ये कोणत्याही चाचणीवाचून येणारी नवी परिपत्रके आठवली. १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालये उभारण्यासाठी अमेरिकेहून बोर्डनसाहेबांस बडोद्यास आणले होते. महाराज आज असते तर त्यांनी येथून काय नेले असते, असा एक रिकामा विचारही मनात येऊन गेला.

"यांतले किती पुढे जातात रे?" आम्ही विचारले.

"निम्म्याहून जास्त मुख्य स्पर्धेत एकदा तरी खेळतात म्हणे."

"आणि उरलेले?"

तो काही बोलला नाही. मैदानावर एक उंच मुलगा चेंडू फेकीत होता. त्याचे दोन चेंडू भलतीकडे गेले, तिसरा फलंदाजाने दूर भिरकावला. संघाचे प्रशिक्षक सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही तरी बोलले. त्याने मान हलविली, चेंडू त्यांच्या हाती दिला आणि खाली पाहत बाहेर आला. मागच्या वीस वह्यांत वीस नोंदी झाल्या.

बारा वर्षे जे जमले नव्हते ते त्या परक्या मैदानावर कसे जमले, सांगता येत नाही. सौभाग्यवती कॉफी आणावयास गेल्या होत्या. आम्ही म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलं आहे. दहावीच्या सुटीत, शिबिरात, तुझ्या सरांनी मला..."

"चेंडू हवेत थांबत नाही. जिल्ह्यापर्यंत," तो मैदानावरची नजर न काढता म्हणाला.

आमच्या तोंडून शब्द फुटेना. बऱ्याच वेळाने विचारले, "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या वहीत वाचलं. त्याच आठवड्यात. मी माझ्याबद्दलच्या सगळ्याच नोंदी वाचायचो."

"मग सबंध वर्ष... पहाटे चारला उठून..."

"तुम्ही लिहून ठेवलं होतं, पण मला म्हणाला नव्हतात," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही चाचणीत दोन गुण कमी पडले तर ताटावर सांगायचात. हे सांगितलं नाहीत, म्हणजे सर तसं म्हणाले तरी तुम्हाला ते पटलेलं नाही, असं मी समजलो. बाबांना वाटतंय मी खेळेन. म्हणून खेळलो."

त्या संध्याकाळी थंडी अशी नव्हती, पण आम्ही उपरणे अंगाभोवती घट्ट ओढून घेतले. आमच्या भित्रेपणास त्याने विश्वास मानले होते आणि त्या विश्वासापायी खांदा दुखवून घेतला होता. हे त्यास सांगावे की सांगू नये, हा पुन्हा तोच प्रश्न बारा वर्षांनी समोर उभा राहिला. या वेळी मात्र आम्ही सांगितले. म्हणालो, "मला ते पटलं होतं. सांगायचा धीर झाला नाही."

तो बराच वेळ शेंगा सोलीत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. तेव्हा नाही, पुढे कधी तरी. इथं आल्यावर."

"राग आला असेल."

"यादीत नाव नव्हतं त्या दिवशी सगळ्यांचाच आला होता. आता नाही. ते वर्ष वाईट नव्हतं, बाबा. मी इतकं चांगलं कधीच खेळलो नव्हतो." जरा थांबून तो म्हणाला, "पण सांगायला हवं होतं. खेळायचं की नाही ते मी ठरवलं असतं. चेंडू माझा होता."

सौभाग्यवती कॉफी घेऊन आल्या आणि, दोघे भांडलात की काय, म्हणून विचारू लागल्या. आम्ही नाही म्हटले. मुलाने त्यांस बेसबॉलचे नियम समजावून देण्यास आरंभ केला. ते त्यांस अखेरपर्यंत कळले नाहीत.

परत आल्यावर जुन्या वह्या काढून पाहिल्या. पंधरा वर्षांत आठ वह्या झाल्या आहेत. तीनशेच्या वर मुलांची नावे आहेत. त्यांपैकी वर पोहोचलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. उरलेल्यांविषयी पेन्सिलीच्या अक्षरांत किती तरी खरे लिहिले आहे, आणि त्यांतले किती त्या मुलांस कोणी सांगितले, हे वहीत कोठे नाही.

आता मोसमाबाहेरचा खेळही पूर्वीसारखा गुपचूप राहिलेला नाही. २०२३ च्या जूनपासून पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. २०२५ च्या जूनमध्ये बडोदा क्रिकेट असोसिएशननेही कोटंबीच्या नव्या मैदानावर तशीच स्पर्धा भरविली. रात्रीचे दिवे, रंगीत पोशाख, मुलांच्या नावांचा बोलबाला. ज्या मुलास कोणी ओळखत नव्हते त्याचे नाव चार लोकांच्या तोंडी होते, ही गोष्ट लहान नव्हे, आणि आम्ही त्यास नाक मुरडणार नाही. पण तेथे जिंकणे मोजतात. बाद झालेल्या मुलास यष्ट्या पुन्हा उभारून देण्याची सोय तेथे असणार नाही, एवढेच आमच्या मास्तरी बुद्धीस वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात शिबिरास आमच्या शाळेतला एक मुलगा आला होता. इयत्ता नववी, वडील रिक्षा चालवितात, मध्यमगती गोलंदाजी करतो आणि शाळेत गणिताच्या तासास झोपतो. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस प्रशिक्षक नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली घेऊन मेजाशी आले. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत. मुलाविषयी त्यांचे जे मत झाले होते ते त्यांनी सांगितले आणि म्हणाले, "सर, तुमच्या शाळेचा आहे. तुम्हीच सांगा."

आम्ही म्हणालो, "दोघं मिळून सांगू. आत्ता."

मुलास हाक मारली. तो धावत आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. त्यास वाटले, गणितावरून काही असेल. आम्ही त्यास खुर्चीवर बसविले. प्रशिक्षकांनी त्याच्यापाशी काय आहे ते आधी सांगितले, काय नाही ते नंतर सांगितले, आणि जे नाही ते शिकविल्याने येण्यासारखे त्यांस का वाटत नाही तेही सांगितले. वहीतली नोंद आम्ही त्याच्यापुढे धरली. त्याने ती बोट ठेवून वाचली. आमचे पेन्सिलीचे अक्षर त्यास एका ठिकाणी लागले नाही, तो शब्द विचारून घेतला. मग बूट मातीत घासत विचारले, "मग उद्यापासून येऊ नको का, सर?"

प्रशिक्षकांनी आमच्याकडे पाहिले.

"ते तू ठरव," आम्ही म्हणालो. "यायचं असेल तर सहा वाजता."

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. मुलगा आमच्या आधी येऊन माळ्याबरोबर खेळपट्टीवर पाणी मारीत होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीही हाक मारली नाही. मेज पुसले आणि वही उघडली.